मास्तरांची डबल बेल

मास्तर घरातून बाहेर पडताना नेहमी शेवटचे. आधी ठकू, मग वहिनी, मग दप्तर, छत्री, पाण्याची बाटली असा सगळा ऐवज उंबऱ्याबाहेर गेला की ते मागे वळून खोलीवरून एक नजर फिरवायचे. कुणी झोपून राहिलंय का, कुणाची पिशवी राहिलीये का. अडीच माणसांच्या घरात कोण झोपून राहणार, पण बघायचे. मग बोटांच्या पेरांनी दाराच्या चौकटीवर दोनदा वाजवायचे. टक टक. तोवर ठकू जिन्याची एक पायरी उतरत नसे. टक टक झालं की तोंडाने घर्रर्र करत ती जी सुटायची ती खाली मालकीणबाईंच्या दारापर्यंत. मध्येच थांबवायची वेळ आली तर मास्तर कठड्यावर एकदाच वाजवायचे. टक. ठकू जागच्या जागी खिळायची. पोरीचे ब्रेक उत्तम होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सरकारी बसचे कंडक्टर. गाडीत पाऊल ठेवणारा प्रत्येक माणूस कंडक्टरला ‘ओ मास्तर’ अशी हाक मारतो, आणि इतकी वर्षं हजारो माणसांनी ती मारल्यावर मूळ नाव कुठल्या तरी सीटखाली घरंगळून गेलं असावं. वहिनी तेवढ्या ‘अहो’ म्हणायच्या. रागावल्या की त्याही ‘मास्तर’.

आम्ही ज्या बेटावर राहत होतो ते कॅरिबियन समुद्रात आहे. आमच्या गावच्या शाळेतल्या जगाच्या नकाशाची घडी नेमकी तिथून पडायची आणि घडीवर भोक पडलं होतं. त्या भोकात पुढे नोकरीला जावं लागेल असं भूगोलाच्या सरांनी कधी सांगितलं नव्हतं. मी तिथल्या सरकारी इस्पितळात रक्त तपासायला होतो, म्हणून ठकूचा सुईकाका. वहिनी त्याच इस्पितळात नर्स. खाली मालकीणबाई, मधल्या मजल्यावर हे तिघं आणि वर पत्र्याखाली मी.

नोकरी वहिनींची होती, त्यामुळे कुटुंब त्यांच्या पाठोपाठ आलं. नियम असा, की बायकोने काम करायचं आणि नवऱ्याने राहायचं. काम करायला त्याला परवानगी नाही. नुसतं राहायचं.

आता हा माणूस असा, की रोज भरल्या गाडीत शेकडो माणसांशी बोलणारा. ‘पुढे सरका’, ‘ओ पाव्हणं, पाय आत’, ‘आजी, तुमचा फाटा गेला मागे, झोपला होतात का?’ भांडणं सोडवणारा, लग्नं जुळवणारा, कुणाच्या म्हशीचं काय झालं ते पुढच्या गावाला कळवणारा. त्याला उचलून एका खोलीत ठेवलं. खोलीला दोन खिडक्या. एकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसायची, दुसरीतून रस्त्याचं वळण. मास्तर दुसऱ्या खिडकीत उभे असत. बसत नसत. पाय फाकवून, पाठ चौकटीला टेकवून, हात मोकळे. भात शिजेपर्यंत उभे, कपडे वाळेपर्यंत उभे. मी एकदा म्हटलं, “मास्तर, खुर्ची आहे ना घरात?”

“खुर्ची पॅसेंजरसाठी.”

“पॅसेंजर कुठे आहेत?”

ते रस्त्याच्या वळणाकडे बघू लागले. बोलण्यासारखं मीही काही विचारलं नव्हतं.

खरे हाल संध्याकाळी व्हायचे. वहिनी वॉर्डातून यायच्या त्या दिवसभर माणसांचं ऐकून. कण्हणं, घंट्या, डॉक्टरांची ओरड, सगळं परक्या भाषेत. त्यांना घरात कुणी काही बोलू नये एवढीच अपेक्षा. आणि मास्तरांनी सकाळपासूनचं बोलणं साठवून ठेवलेलं.

“आज ती निळी व्हॅन उशिरा आली. वळणावर क्लच असा सोडतो, जसा काही सासऱ्याने दिलाय.”

“हं.”

“मालकीणबाईंनी कुंडी हलवली. आधी डावीकडे होती.”

“हं.”

“ऐकतेस ना?”

“अहो, ऐकतेच आहे. दिवसभर ऐकतेच आहे.”

मग वहिनी बसल्या बसल्या डोळे मिटायच्या, आणि मास्तर राहिलेलं ठकूला सांगायचे. ठकू झोपली की मला. मी पण झोपलो की काय करत असतील, ते मला माहीत नाही.

डेपोतल्या एका दोस्ताला ते अधूनमधून फोन लावायचे. इथे आम्ही सकाळचा चहा घेत असलो की तिकडे संध्याकाळची गर्दी. दोस्त ड्युटीवर, बोलायला सवड नाही. मास्तर म्हणायचे, “बोलू नको रे, नुसता फोन स्टँडकडे धर.” मग ते फोन कानाला लावून उभे. त्यातून हॉर्न, लाउडस्पीकरवरची खरखर, कुणीतरी कुणाला तरी बोलावतंय. “चार नंबरला मुक्कामी गाडी लागलीये,” असं ते मला सांगायचे. आणि चहा निवून जायचा.

त्या निळ्या व्हॅनने मात्र त्यांना थोडं जगवलं. बेटावर मोठ्या बस नव्हत्या. बारा-पंधरा माणसं कोंबणाऱ्या व्हॅन होत्या, त्यांना कंडक्टर नाही. भाडं ड्रायव्हरच्या हातात द्यायचं. सरकतं दार ड्रायव्हर बसल्या जागेवरून दोरीने ओढून लावायचा. आमचं घर, इस्पितळ, ठकूची शाळा आणि बाजार, सगळं एकाच रस्त्यावर, त्यामुळे सकाळी आम्ही बहुतेक एकाच व्हॅनमध्ये.

पहिल्या दिवशी मास्तर चढले आणि दारातच अडकले. आत तोबा गर्दी, मागच्या दोन जागा रिकाम्या. मास्तरांनी मान वाकवून, कारण छत ठेंगणं होतं, खणखणीत मराठीत सांगितलं, “चला, मागे सरका, मागे जागा आहे!” माझं तोंड लपवायला जागा नव्हती. पण काय सांगू, माणसं सरकली. एका बाईने मांडीवरची टोपली उचलली, एका जाड्या गृहस्थाने गुडघे वळवले, आणि तिघं जण आणखी आले. मास्तरांनी आत एक नजर टाकली, पत्र्यावर दोनदा वाजवलं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं. हसला. गाडी सोडली.

तेव्हापासून तो त्यांना ‘बॉस’ म्हणू लागला. प्रत्येक थांब्यावर मास्तर खाली उतरायचे, म्हाताऱ्यांना हात द्यायचे, ओझी खाली घ्यायचे, पुन्हा आत येऊन टक टक. ड्रायव्हर आता आरशातही बघेनासा झाला. टक टक ऐकलं की दोरी ओढायची आणि पाय दाबायचा. मास्तरांची मान वाकलेली, पण चेहरा असा, की आपली मुक्कामी गाडी वेळेवर निघाली आहे.

वहिनींच्या कानावर गेलंच.

“अहो, तुम्हाला कामाची परवानगी नाही. कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल.”

“दोन टिचक्या मारतोय. पगार घेतोय का?”

“पगार घेत नाही तेच तर. घरी भांडी घासता तेव्हा असा चेहरा का नसतो?”

“भांडी पुढे सरकत नाहीत गं.”

वहिनी हसल्या. मग हसता हसता थांबल्या. “साहेबांचा फोन आला होता का?”

इथे मुद्दा होता. मास्तर बिनपगारी रजेवर आले होते आणि ती संपत आली होती. डेपोच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, महिन्याअखेर हजर झालात तर नोकरी आहे, नाहीतर राजीनामा समजतो. राजीनामा म्हणजे पुन्हा कधी घंटीची दोरी हातात येणार नाही. हजर व्हायचं म्हणजे एकट्याने जायचं. वहिनींचं काम इथे, ठकूची शाळा इथे. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, पोरीला मी बघेन, माझी नातवंडं परदेशात आहेत, मला तेवढीच सोबत.

विशेष म्हणजे जा म्हणत होत्या त्या वहिनी. एका संध्याकाळी जिन्यावर बसल्या होत्या, ड्युटीचे बूट पायात तसेच. मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तरी सांगा त्यांना, जा म्हणावं. इथे ते सुकून चाललेत. माझ्यासमोर असतात आणि मला दिसत नाहीत.”

“आणि तुम्ही?”

“मी कामात असते ना. मला काय होतंय.” त्यांनी बुटाची लेस सोडली, पुन्हा बांधली. “पेशंट बरा होणार नसेल तर त्याला घरी नेऊ द्यावं, हे आम्हीच सांगतो लोकांना.”

मास्तरांना मी सांगितलं. ते म्हणाले, “बघू.” त्यांनी बॅग माळ्यावरून खाली काढली होती, पण उघडली नव्हती. कॉटखाली पाय लागेल अशी ठेवली होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. अर्धं ठकूने साभिनय सांगितलं. उरलेलं मास्तरांनी कितीतरी दिवसांनी, तुकड्या-तुकड्यांत.

दुपारी शाळा सुटल्यावर दोघं निळ्या व्हॅनमधून परत येत होते. ठकू ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी. एका थांब्यावर एका म्हातारीला उतरायचं होतं आणि तिच्याबरोबर नवी कोरी प्लास्टिकची खुर्ची होती. खुर्ची दारातून निघेना. मास्तर खाली उतरले, खुर्ची आडवी केली, उभी केली, पाय आधी काढले, पाठ मागून काढली. फुटपाथवर ठेवली. म्हातारीला हात देऊन उतरवलं. ती दमली होती, लगेच त्याच खुर्चीवर बसली आणि हसली. मास्तरही हसले. किती तरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्याकडे असं बघून हसलं होतं. मागे वळले, गाडीत एक नजर फिरवली, सगळे आत, आणि खालूनच पत्र्यावर दोनदा वाजवलं. टक टक.

तिकडे त्यांची रीतच ती. आधी डबल बेल द्यायची, गाडी हलली की दांडा धरून पायरीवर उडी मारायची. पंधरा-सोळा वर्षं ते अशीच उडी मारत आले. दार उघडं असतं, ते असतंच.

इथे ड्रायव्हरने दोरी ओढली. दार लागलं. गाडी गेली.

मास्तरांचा हात दांडा धरायला पुढे गेलेला, आणि समोर दांडाच नाही. नुसता धूर. ते म्हणाले, “एक क्षण मला वाटलं, येईल. आपली गाडी आहे, थांबेल.” मग खिडकीतलं ठकूचं डोकं लहान होताना दिसलं, आणि ते पळाले. पळताना ओरडत होते, ‘थांबा, थांबा, पोरगी आहे आत!’ मराठीत. फुटपाथवरची माणसं वळून बघत होती. मागे सरका म्हटलेलं ज्यांना कळायचं, त्यांच्यातल्या एकालाही हे कळलं नाही.

आत ठकू निवांत होती. बाबांनी डबल दिली म्हणजे बाबा चढणार. तिने मागे बघितलं, बाबा नाहीत. काचेतून बघितलं तर बाबा रस्त्यावर, पळताहेत. मग तिने पाण्याची बाटली उचलली आणि शेजारच्या पत्र्यावर एकदा मारली. टक. गाडी थांबायला हवी होती. ड्रायव्हरने गाणं मोठ्याने लावलेलं, त्याला ऐकू गेलं नाही.

“मग पुन्हा मारायचं ना!” मी म्हटलं.

ठकूने माझ्याकडे असं बघितलं, की सुईकाका इतका ढ असेल असं तिला वाटलं नव्हतं. “पुन्हा मारलं असतं तर डबल झाली असती ना! गाडी आणखी जोरात गेली असती.”

म्हणून ती थांबली. पहिला टक जुना होईपर्यंत. बाटली दोन्ही हातांत धरून, ओठ आत दाबून. गाडी पुढे चाललेली, मागच्या काचेत बाबा दिसेनासे झालेले, शेजारी अनोळखी माणसं. ओरडावं हे तिला सुचलं नाही, कारण थांबवायचं कसं ते तिला शिकवलेलं होतं. मग एकदा मारलं. पुन्हा थांबली. असं एक वळण गेलं, इस्पितळ गेलं. आत तिची आई कुणाची तरी नाडी बघत असेल.

पुढच्या थांब्यावर दोन माणसं उतरली. ड्रायव्हर पाय उचलून बसून राहिला. डबल येईना. बसून राहिला. गाणं बंद केलं, आरशात बघितलं, वळून बघितलं. बॉस नाही. एक पोरगी, बाटली उगारून बसलेली.

मास्तर पोचले तेव्हा एक चप्पल कुठेतरी गेलेली, तळपाय फाटलेला. ड्रायव्हर रस्त्यावर उभा, ठकूचा हात धरून. तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं. “बॉस,” तो म्हणाला, “तू वाजवलंस म्हणून मी निघालो.”

ठकू बापाला म्हणाली, “बाबा, मी डबल नाही होऊ दिली.” आणि एवढं बोलून झाल्यावर रडली.

त्या संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा वहिनी मास्तरांचा पाय टबात घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं होतं आज घर डोक्यावर घेतील. चिमट्याने एकेक खडा काढत होत्या.

“अहो, पाय हलवू नका.”

“चुकलं.”

“पाय हलवू नका म्हटलं ना.”

ठकू कॉटवर झोपलेली, बाटली उशाशी. पट्टी बांधून झाल्यावर वहिनी मान वर न करता म्हणाल्या, “महिनाअखेर आली. मालकीणबाईंशी बोलते उद्या. तुम्ही जा.” रागाने नाही म्हणाल्या. राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर जिन्यावर बसलेले दिसले. बसलेले. फोन हातात.

“साहेबांशी बोललो,” म्हणाले. “येत नाही म्हटलं.”

मी म्हटलं, “काल घडलं म्हणून घाईने ठरवू नका. सगळ्यांच्याच हातून—”

“घाई नाही. काल मी रस्त्यावर होतो आणि पोरगी गाडीत. परत गेलो की मी गाडीत आणि पोरगी रस्त्यावर. मधलं अंतर तेवढंच, उलट जास्तच.” त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. “काल ती टक करून वाट बघत बसली, रक्तवाले. एवढा विश्वास तर माझ्यावर माझ्या ड्रायव्हरांनीही ठेवला नव्हता.”

“वहिनींना सांगितलंत?”

“सांगितलं. रडली. म्हणाली, मी तुम्हाला सोडत होते आणि तुम्ही अडकून बसलात.” मग म्हणाले, “खुश झाली का ते कळलं नाही. ड्युटीला गेली.”

मग त्यांनी दोस्ताला फोन लावला. तिकडे संध्याकाळ असणार. सांगण्यासारखी एवढी मोठी बातमी होती, पण ती त्यांनी सांगितलीच नाही. म्हणाले, “बोलू नको, स्टँडकडे धर जरा.” फोन कानाला लावून बसले. कितव्या नंबरला कुठली गाडी लागली ते या वेळी मला सांगितलं नाही. तिकडून दोस्तानेच ठेवला असावा, कारण मास्तर नंतरही तसेच कानाला धरून होते.

पाय बरा होईपर्यंत मालकीणबाईंनी ठकूला शाळेत पोचवलं. मग एका सकाळी आम्ही पुन्हा निळ्या व्हॅनला उभे राहिलो. घरातून निघताना मास्तर शेवटचे नव्हते. ठकूचा हात धरून पहिले उतरले. चौकटीवर काही वाजलं नाही. वहिनी मागून कुलूप लावत होत्या, क्षणभर किल्ली तशीच धरून थांबल्या, मग लावलं.

गाडी आली. ड्रायव्हरने हात वर केला, “बॉस.” मास्तरांनी मान हलवली, आत गेले, आणि मागच्या सीटवर बसले. गाडीत बसलेले मास्तर मी पहिल्यांदा पाहिले. बसल्यावर माणूस केवढासा दिसत होता. गुडघ्यांवर दोन हात, आणि त्या हातांना काय करायचं ते माहीत नसलेलं. ठकू मांडीवर.

सगळे चढले. दार उघडंच. ड्रायव्हर निघेना. त्याने आरशात बघितलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, आमचीच भिंत होती. वहिनी माझ्या शेजारी, पर्सचा पट्टा घट्ट धरून. मीही उगाच बुटांकडे बघितलं.

ठकूने बापाकडे पाहिलं. मग ड्रायव्हरकडे. तिने हळूच मूठ वळली आणि पत्र्याकडे नेली.

मास्तरांनी ती मूठ पत्र्यावर पोचायच्या आत आपल्या हातात घेतली. दाबली नाही, नुसती झाकली.

मागून कुणीतरी कुरकुरलं, “अरे, निघ ना!” ड्रायव्हरने दोरी ओढली. दार लागलं. इस्पितळाशी वहिनी आणि मी उतरलो. वहिनींनी खिडकीतून हात केला, मास्तरांनीही केला, डाव्या हाताने. उजवा अजून ठकूच्या मुठीवर होता.